दोन मिस्ड कॉल

दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी विश्राम भोसेकर आडवे होतात. पंखा दोनवर आहे. उशाशी त्यांचा फोन, डाव्या हातात बायकोचा. मंदाकिनीला जाऊन पाच महिने झालेत, आणि तिचा नंबर आज बंद करायचा आहे.

सकाळी ते कराडच्या बाजारपेठेतल्या मोबाईलच्या दुकानात मृत्यूचा दाखला घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं घडी न मोडताच तो परत दिला. "काका, नंबर तुमच्या नावावर आहे. दाखला नको, तुमची सही हवी. आणि काकूंचा फोन आणा, त्यावर ओटीपी येईल. पाचच्या आत या." फोन घरी होता, चार्जिंग संपलेला. ते फॉर्म घेऊन परतले, तिचा फोन चार्जिंगला लावला. तो आता टेबलावर आहे. सगळा भरलेला, फक्त सही राहिली आहे.

पापण्या जड होतात. पंख्याची घरघर दुकानातल्या एसीची होते.

काउंटरवर मंदा बसलेली आहे. चष्म्याची दोरी गळ्यात, पुढ्यात फॉर्म.

"नंबर कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग बंद तुम्ही व्हायचं. माझा काय संबंध?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसतं. विश्रामरावही हसतात.

"सतरा वर्षं वापरला मी," ती म्हणते. "एकदा तरी म्हणालात, चल, तुझ्या नावावर करून घेऊ?"

"तू कधी बोलली नाहीस."

"मी बोलायचं होतं होय!"

रांग पुढे सरकते. दुकानाचं शटर नाही, एसी नाही. ही कोपऱ्यावरच्या डेअरीची रांग आहे. मंदा त्यांच्या पुढे उभी आहे, पाठमोरी, हातात स्टीलची बरणी. याच रांगेत ते त्या संध्याकाळी उभे होते. बारा मिनिटं.

दोघांचा ठराव जुना होता, फोनवर बोलायला पैसे पडत तेव्हापासूनचा. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचले. लागोपाठ दोन म्हणजे येताना दूध आणा. उचलायचा नाही. पुढे बोलणं फुकट झालं, ठराव तसाच राहिला. त्या संध्याकाळी सहा वीसला दोन कॉल आले तेव्हा विश्रामराव कृष्णेच्या पुलावर होते. त्यांनी उचलले नाहीत. दूध घेऊन घरी पोचले तेव्हा मंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेली होती, फोन हाताशी. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. फ्रीज शेजारच्या बाईंनी आवरला. आत दूध होतं का, हे विश्रामरावांनी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

"मंदा," ते आता विचारतात, "घरात दूध होतं का गं?"

ती वळत नाही. "पिशवी आणलीत का? मागच्या वेळी हातात धरून आणलंत, सगळा शर्ट ओला."

"मी काय विचारतोय? ते दोन कॉल दुधासाठीच होते ना?"

"उचलायचा नाही, असंच ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं."

"मग तुम्ही उचलला नाहीत. झालं."

"झालं नाही."

"नाहीच झालं," ती म्हणते, आणि आता वळते. चेहरा नेहमीचा आहे, उन्हातून आल्यासारखा. ती त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावते. बोटं गार आहेत.

डेअरीच्या फरशीवरून एसटी मागे येते, कंडक्टर दार आपटतो. विट्याची गाडी, मंदाच्या माहेरची. बरणी त्यांच्या हातात देऊन ती पायरी चढते. खिडकीची जागा तिला मिळाली आहे.

"नंबर बंद करतोय मी," ते खालून ओरडतात. "तू सांग. करू का?"

"तुमच्या नावावर आहे. मला काय विचारता?"

"अगं, मग तू पोचलीस हे मला कळणार कसं?"

"नेहमीसारखं," ती काचेआडून म्हणते. "आणि उचलू नका हं."

गाडी हलते. बरणी रिकामी आहे.

विश्रामराव उठून बसतात. पंखा दोनवर, तोंड कोरडं, शर्टाचं वरचं बटण उघडं. उशाशी त्यांच्या फोनचा उजेड पडलेला आहे आणि विझत चालला आहे. ते चष्मा शोधतात. एक मिस्ड कॉल. मंदा. तीन बावन्न.

डाव्या हातातला तिचा फोन कोमट आहे. झोपेत अंगठा लागला असेल, लागू शकतो. ते यादी उघडतात. तिच्या फोनवरून गेलेला शेवटचा कॉल तीन बावन्नचा, त्याखालचे दोन त्या संध्याकाळचे, सहा वीसचे. आता वरचा एकच आहे. ते वाट पाहतात. दुसरा येत नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म टेबलावर आहे. दुकान पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. सहीची जागा कोरी आहे.