पांढऱ्यावर पांढरं

परवा वसंता पारावर बसून नव्या फोनवर माझा ब्लॉग ऐकत होता. माझ्या या मित्राला दिसत नाही. फोन त्याला वाचून दाखवतो. मी गावातल्या झाडांवर लिहितो. बहाव्यावरचा लेख ऐकताना त्याचा चेहरा असा काही खुलला, की मी बघतच राहिलो. शेवटाला मात्र तो खदखदून हसायला लागला.

"अरे, हा जप कसला? बहावा माहिती, बहावा फोटो, बहावा माहिती... संपेचना!"

मी सांगून टाकलं. लेख सर्चमध्ये वर यावा म्हणून ते शब्द मी तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवले होते. दोन वर्षं कुणाला दिसले नाहीत, पण मला टोचत होतेच.

"आणि फोटो आला की फोन नुसता त्याचा नंबर बोलतो. फोटोत काय आहे ते लिही की, लेका!"

घरी येऊन आधी तो जप पुसला, मग प्रत्येक फोटोमागे फोन वाचून दाखवेल अशी एकेक ओळ लिहिली. लिहिताना वाटलं, सर्चचंही वसंतासारखंच असणार. त्यालाही फोटो कुठे दिसतो? सरळ सांगितलं तर कळतं. मी उगाच चकवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी फोननं वाचलं, "पिवळे घोस इतके खाली आलेत, की एक मुलगी उडी मारून त्यांना हात लावतेय."

"कुठाय रे हे झाड? चल."

पन्नाशीचा वसंता बहाव्याखाली उभा राहिला, हात वर केले आणि त्यानं उडी मारली.