शेवटच्या दिवसाचा आकडा

रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे आले. निखिलने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी रेडिएटरकडे पाहत राहिलो. नवं गॅस्केट घालूनही तेच. मला काही म्हणजे काहीच कळेना.

निखिल वानखेडे आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत राहतो. मूळचा अमरावतीचा, नोकरी खराडीत, सॉफ्टवेअरची. वडिलांची जुनी गाडी त्याने टेम्पोत घालून इथे आणली आणि पार्किंगमध्ये स्वतःच इंजिन बांधायला घेतलं. वडील शाळामास्तर होते. त्यांची ही पहिली आणि शेवटची गाडी. त्यांनी फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "दसऱ्याला येतो. तोवर सुरू झाली तर ठेव, नाही तर भंगारात दे."

मी इंजिनच्या कारखान्यात स्टँडर्ड्स रूमला होतो, एकतीस वर्षं. कामगार ज्या हत्यारांनी मोजतात, ती बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं खातं. परदेशी भागीदार आले, कॉम्प्युटर आले, पण आमच्या सहीशिवाय एक रेंच लाइनवर गेला नाही. त्यामुळे निखिलने ऑनलाइन मागवलेली खास इंजिन बांधायची पेटी उघडली तेव्हा मला आधी हसू आलं.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मखमली खण, चकचकीत हत्यारं. पिस्टनच्या रिंगा दाबून धरायची पट्टी पहिल्याच पिस्टनला घसरली आणि रिंग तुटली. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प दुसऱ्या दिवशी वाकला.

"काका, रिव्ह्यू तर चांगले होते ना."

"रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी इंजिन बांधलं होतं का?"

मग माझ्या ओळखीच्या गॅरेजमधून ही दोन्ही हत्यारं आणून आम्ही तेवढं काम उरकलं.

राहिला टॉर्क रेंच. बोल्ट किती जोराने आवळला हे सांगणारा हा पाना. आकडा लावायचा आणि आवळायचं. तेवढा जोर पडला की टक्क वाजतो. आत एक स्प्रिंग असते, सगळी मदार तिच्यावर. निखिलने पेटीतल्या लाल मुठीच्या रेंचने हेडचे बोल्ट आवळले होते. हेड म्हणजे इंजिनचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची पातळ गादी. बोल्टसाठी पुस्तकात आकडा होता सहा. मी घरून माझा रेंच आणला आणि सहावर लावला, मग सातवर. दोन्ही वेळा बोल्ट तसूभरही न हलता टक्क वाजलं.

"बघ, तुझा रेंच जास्त आवळतोय. सोड सगळे. माझ्याने आवळ."

माझा रेंच साधासुधा नव्हता. निरोपसमारंभात खात्याने तो मला भेट दिला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी याच रेंचने जे बोल्ट तपासले, त्यांचा आकडा अकरा. तो आकडा मी तसाच लावून ठेवला होता, आठ वर्षं. आल्यागेल्याला दाखवायचो. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. निखिलकडचं काम झालं तरी मी तो पुसायचो, पुन्हा अकरावर आणायचो आणि कपाटात ठेवायचो.

इंजिन सुरू झालं आणि बुडबुडे आले. म्हणजे आतला गॅस गॅस्केटखालून पाण्यात शिरत होता. हेड सपाट आहे का पाहिलं, होतं. गॅस्केट बदललं, पुन्हा माझ्याच रेंचने आवळलं. पुन्हा बुडबुडे. रेडिएटर खोलून पाहिला, त्यात दोष नव्हता. दसरा पाच दिवसांवर आला होता आणि एकतीस वर्षांचा अनुभव घेऊन मी पार्किंगमध्ये नुसता उभा होतो.

शेवटी मी निकाल दिला. "ब्लॉकला चीर असणार. ब्लॉक गेला म्हणजे इंजिन गेलं."

माझी स्वतःचीच खात्री नव्हती, पण आवाज खात्रीचा होता.

निखिल खाली बसला. "म्हणजे बाबांना सांगू काय, भंगारात देतो म्हणून?" मग तोच म्हणाला, "काका, राग नका मानू. आमच्याकडे बग सापडत नसला की आम्ही लिस्ट करतो. हेड पाहिलं, गॅस्केट पाहिलं, रेडिएटर पाहिला. रेंच नाही पाहिले."

"माझा रेंच?"

"दोन्ही म्हणून राहिलो ना मी. माझाही."

राग आलाच. दुसऱ्या दिवशी दोन्ही रेंच घेऊन मी बिबवेवाडीला गेलो. तिथे शिंदेची लहानशी कॅलिब्रेशन लॅब आहे. शिंदे पूर्वी माझ्या हाताखाली होता. लाल मुठीच्या रेंचवर नापासाचा कागद घ्यायचा आणि निखिलच्या हातात द्यायचा, एवढाच माझा बेत होता.

शिंदेने लाल रेंच मशीनवर चढवला. "साहेब, हा ठीक आहे. सहाला पाच पॉइंट नऊ."

मग माझा चढवला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला.

"सांग ना."

"सहाला साडेचार." तो मान वर न करता म्हणाला, "साहेब, ठेवताना आकडा खाली आणत होता ना?"

रेंच ठेवताना स्प्रिंग सैल करून ठेवायची असते. वर्षानुवर्षं दाबून ठेवली की ती थकते आणि कमी जोरातच टक्क वाजते. म्हणजे हेडचे बोल्ट दोन्ही वेळा ढिलेच राहिले होते. 'वापरानंतर आकडा सर्वात खाली आणावा' ही पाटी कारखान्यात मीच लावली होती. न आणणाऱ्या कित्येकांना चारचौघांत झापलं होतं. लाज वाटली. साध्या भाषेत सांगायचं तर तोंड लपवावंसं वाटलं.

शिंदे खणातून काहीतरी काढून घुटमळत होता. "साहेब, टॅग..."

"नियम काय आहे?"

"लावावा लागतो."

"मग लाव."

त्याने माझ्या रेंचला लाल टॅग बांधला: 'वापरू नये'. असे टॅग मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हत्यारांना बांधले होते.

संध्याकाळी निखिलला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. आम्ही तिसरं गॅस्केट घातलं आणि लाल मुठीच्या रेंचने सहावर आवळलं. इंजिन अर्धा तास चालवलं. पाणी स्वच्छ, एक बुडबुडा नाही.

मास्तर खंडेनवमीलाच आले. गाडीत बसले आणि मुलाला म्हणाले, "चाल, एक चक्कर मार." परत आल्यावर स्वतः ड्रायव्हरच्या जागी सरकले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. भंगाराचा विषय त्यांनी काढला नाही.

घरी मी पूजेला दोन रेंच मांडले. निखिलचा मागून आणला होता. त्या पेटीतलं तेवढंच हत्यार कामाचं निघालं. माझ्या रेंचचा आकडा मी खाली आणला. स्प्रिंग आता सुधारणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी आणला. हत्याराची पूजा वर्षातून एकदा करावी. तपासणीही करावी, आणि आधी करावी.