मूळ ब्लॉकला हात कुणी लावला

बायकोला वाटतं, मी तिच्यापासून काही लपवत नाही. हे लपवलंय. आईपासून, मित्रांपासून, ऑफिसातल्या प्रत्येकापासून. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता हे पोटात राहत नाही म्हणून? ठाऊक नाही.

काम आमचं साधं. नगरला सावेडीत — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं — एका लहानशा ऑफिसात आम्ही दवाखान्यांचे, क्लासेसचे, दुकानांचे ईमेल तयार करून पाठवतो. पूर्वी जुना ईमेल उघडायचा, त्याची कॉपी करायची आणि मजकूर बदलायचा, अशी पद्धत होती. एकदा क्लासच्या ईमेलखाली साडीच्या दुकानाचा पत्ता गेला. ती चूक माझी होती. सगळे हसले. मीही हसलो.

मग नाझनीन आली. भिंगारची. वडील लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, घरात तीच कमावती. आल्या आल्या तिनं आमचे जुने ईमेल नुसते वाचून काढले. मग त्यांचे तुकडे पाडले — वरची पट्टी, डॉक्टरांची ओळख, पत्ता, अपॉइंटमेंटचं बटण, सूचना. प्रत्येक तुकडा, म्हणजे ब्लॉक, एकदाच बनवायचा, त्याला नीट नाव द्यायचं आणि लागेल त्या ईमेलमध्ये तोच जोडायचा. दवाखान्याचा फोन बदलला? एका जागी बदला, सगळीकडे बदलतो. नावं अशी, की कालचा आलेला माणूसही शोधून काढील. ‘ऑपरेशन – येण्यापूर्वी’. ‘तपासणी – येण्यापूर्वी’. आणि माझी नावं काय असायची? ‘नवीन’. ‘नवीन फायनल’. ‘फायनल खरं’.

दिवसभराचं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपायला लागलं. सर सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायचे. मी तिच्यापेक्षा जुना. मला ते बघवत होतं का? — नाही. तोंडदेखलं हसायचो, एवढंच.

तिचा नियम एकच होता, आणि तो तिनं मला शेजारी बसून सांगितला होता. “प्रशांतदादा, मूळ ब्लॉकला हात लावू नका. आधी कॉपी करा, वेगळं नाव द्या, मग हवं ते बदला.” मी मान हलवली. मनात म्हटलं, आता हिच्याकडून शिकायचं का?

एका शनिवारी एका खासगी रुग्णालयाच्या मोफत तपासणी शिबिराचा ईमेल माझ्याकडे होता. मला श्रीगोंद्याला भाच्याच्या जावळाला पोचायचं होतं, बायकोचे फोनवर फोन येत होते. शिबिरासाठी सूचनांचा ब्लॉक हवा होता. समोर ‘ऑपरेशन – येण्यापूर्वी’ दिसला, तोच घेतला. त्यात लिहिलेलं — आदल्या रात्रीपासून काही खाऊ-पिऊ नका. ते खोडून मी लिहिलं — हलका नाश्ता करून या. स्क्रीनवर सूचना आली, हा बदल सगळ्या ईमेलना लागू होईल, चालेल का? मी ‘हो’ दाबलं.

वाचलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण वाचलं होतं. कॉपी करायला कितीसा वेळ लागला असता? तरी नाही केली. तिचा नियम होता म्हणून नाही केली — हेही खरंच आहे.

त्याच रुग्णालयात ऑपरेशन ठरलेल्या लोकांना आमच्याकडून आपोआप ईमेल जायचे. त्या शनिवार-रविवारी माझं वाक्य घेऊन गेले.

सोमवारी ऑफिसात मी पहिला होतो. फोन वाजला. रुग्णालयानं आमचा नंबर दिला म्हणाला. श्रीगोंद्याकडचा माणूस, सुपा एमआयडीसीत नोकरीला. आईच्या पित्ताशयात खडे, त्याचं ऑपरेशन होतं.

“तुमच्याच मेलात लिवलं हुतं, नाष्टा करून या,” तो म्हणाला. “आईनं पोहे खाल्ले. आता डॉक्टर म्हनतात, भूल देता येत न्हाई. आमी काय चुकलो, तेवढं सांगा.”

आवाज चढलेला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला, ब्लॉक उघडला, आणि जुनं वाक्य जसंच्या तसं परत टाकलं. आम्ही सगळे एकच लॉगिन वापरायचो. कुणी काय बदललं, कुठेच कळत नव्हतं. हे मला त्या क्षणी आठवलं — म्हणजे विसरलोच नव्हतो.

थोड्या वेळानं सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. रुग्णालयाचा माणूस त्यांच्यावर बरसला होता. त्यांनी ब्लॉक उघडला. वाक्य बरोबर. त्यांनी गेलेला ईमेल उघडला. वाक्य चुकीचं. मग त्यांनी नाझनीनकडे बघितलं.

ती लगेच म्हणाली, “सर, हे कुणीतरी बदललं होतं आणि परत सारखं केलंय. मी हात लावलेला नाही.”

तिनं झालं तेच सांगितलं, अगदी जसं झालं तसं. आणि ते किती खोटं वाटत होतं! मी वाक्य परत जागेवर ठेवलं नसतं, तर ती एक चूक राहिली असती, कुणाचीही. मी ते दुरुस्त केलं आणि तिला खोटारडी केलं.

“प्रशांत, ब्लॉक कोण बघतं?” सरांनी विचारलं.

“नाझनीनच बघते, सर.”

या वाक्यात खोटं काय आहे? शोधून बघा. मी किती वेळा शोधलंय. एक शब्द खोटा नाही. तिनं माझ्याकडे बघितलं — रागानं नाही. मी आणखी काही बोलेन, याची वाट बघत होती. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिलो.

त्या बाईंचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. ते व्हायच्या आत त्यांना जंतुसंसर्ग झाला. आयसीयूत ठेवावं लागलं. वाचल्या, पण उभं राहायला फार दिवस गेले. ही बातमी आली त्याच दिवशी सरांनी नाझनीनला काढलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

“चूक कुणाचीही होते,” सर म्हणाले. “पण चूक करायची, गुपचूप दुरुस्त करायची, आणि वर दुसऱ्या कुणीतरी केली म्हणायचं — असं माणूस मला नको.”

शब्दन् शब्द माझ्याबद्दलचा होता. मी खुर्चीतून उठलो नाही. जेवताना कुणीतरी म्हणालं, ह्या लोकांचं असंच असतं. त्यावर तरी काही बोलायचं? मी भाजी पुढे सरकवली. त्या बोलण्यानं मला आधार वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

आमच्या धंद्यातली माणसं इथे मोजकीच, सगळी एकमेकांना ओळखतात. तिला पुढे कुणी घेतलं नाही. वर्षभरानं ती मला भिंगारच्या बाजारात दिसली. एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत होती. मी वळणार, तेवढ्यात तिनं हाक मारली. चहा मागवला. घरचं विचारलं. मग म्हणाली, “दादा, तुम्ही तिथे होतात. तुम्हाला खरंच वाटतं, मी खोटं बोलले? अब्बांना वाटतं. बोलत नाहीत, पण वाटतं.”

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. माझी नोकरीही गेली नसती, ती काही सरांकडे धावत गेली नसती. तिला ते फक्त घरी न्यायचं होतं.

मी म्हटलं, “जाऊ द्या ना आता. झालं गेलं.”

तिनं कप खाली ठेवला आणि पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

तिच्या जागी आता मी आहे. ब्लॉक मी सांभाळतो. तिनं दिलेली नावं तशीच आहेत, चांगली आहेत म्हणून. नवीन पोरं आली की मी त्यांना शिकवतो — मूळ ब्लॉकला हात लावू नका, आधी कॉपी करा. ती मनावर घेत नाहीत. मग मी त्यांना एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक मुलगी होती. तिनं मूळ ब्लॉक बदलला, एक बाई मरता मरता वाचली, आणि शेवटपर्यंत ती म्हणत राहिली, मी नाही केलं. नाव घेत नाही मी तिचं. पोरं नियम वहीत लिहून घेतात.

गेल्या आठवड्यातही सांगितली.