शिंपल्यांचे वेगळे परळ

माझी वहिनी कोंबड्यांना दोन भांड्यांतून खायला घालत असे, आणि मला तो अडाणीपणा वाटत असे.

सत्तर सालच्या आसपास आम्ही सुरतेत कतारगामला राहत होतो. दादा कापडाच्या कारखान्यात मागावर होता, मी त्याच कारखान्यात हजेरी लिहीत असे. खोलीमागच्या चिंचोळ्या जागेत वहिनीच्या चार अंड्यावरच्या कोंबड्या, एक कोंबडा आणि नऊ पिल्ले होती. लग्नाला आठ वर्षे होऊनही तिला मूल नव्हते. त्याविषयी ती बोलत नसे. पिल्लांना मात्र तळहातावर बाजरीची कणी धरून भरवी.

भरडलेली ज्वारी, कोंडा, थोडी पेंड हे सगळ्यांचे खाणे. शिंपल्यांचा चुरा तेवढा वेगळ्या परळात, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यात. हजीऱ्याकडची एक मासळीवाली शिंपले आणून देई, वहिनी ते कुटून ठेवी. अंड्यावरच्या कोंबड्या आपणहून तिकडे वळत. पिल्ले एकदा चोच लावून परतत.

मी कोंबडीपालनावरची एक गुजराती पुस्तिका मिळवली. तिच्यात अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाण्याचे प्रमाण दिले होते आणि शिंपल्यांचा चुरा त्या मिश्रणातच घालायला सांगितला होता. तेवढे पान वाचून मी ठरवले, सर्वांना हेच, एकाच भांड्यातून. वहिनी आपल्या खानदेशी बोलीत एवढेच म्हणाली, “जिले पाहिजे ती उचली लेस, भाऊ. पिल्लास्ले कशाले?”

“कोंबडीला कळतं आणि पुस्तकाला कळत नाही, असंच ना?” मी म्हणालो.

ती हसली आणि परळ उचलून माझ्या हाती दिले. चुरा फुकटचा होता, म्हणून मी तो प्रमाणाहून थोडा अधिकच मिसळला.

अंड्यांची कवचे टणक होऊ लागली, तसा मी दादापुढे मिरवलो. महिन्याभरात पिल्ले मलूल झाली, एका जागी बसून राहू लागली, पांढरे पातळ शिटू लागली. पाच मेल्यावर औषध सापडेल म्हणून मी पुस्तिका पुन्हा उघडली. पुढच्याच पानावर लिहिले होते की वाढत्या पिल्लांना हे मिश्रण देऊ नये, ते त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. लहानमोठी एकत्र असतील तर सर्वांना पिल्लांचे खाणे द्यावे आणि शिंपले वेगळ्या भांड्यात ठेवावेत.

म्हणजे वहिनी करत होती तेच.

मी मिश्रण गुपचूप बदलले, परळ जागेवर ठेवले आणि पुस्तिका ट्रंकेत टाकली. उरलेली चारही पिल्ले गेलीच. नळावर एक शेजारीण वहिनीकडे पाहत सर्वांदेखत म्हणाली, “हिच्या हाताला लहान जीव लाभत नाही.” दादा तिथेच बादली भरत होता; तो भरत राहिला. मीही तिथेच होतो. दोन वाक्ये पुरली असती. पण कारखान्यात मी शिकलेला म्हणून ओळखला जात होतो, आणि ती ओळख मला वहिनीच्या अब्रूपेक्षा मोलाची वाटली. वहिनीने त्याच आठवड्यात सगळ्या कोंबड्या मासळीवालीला देऊन टाकल्या.

मधे माझे लग्न झाले आणि त्या प्रकारानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बारशाला बायकांनी मुलीला पाळण्यात घालायला वहिनीला पुढे बोलावले, तर ती भिंतीला टेकून उभी राहिली. हात पदराखाली घेत मला म्हणाली, “नको भाऊ. माझा हात चांगला नही.”

ती हे मानून बसली होती, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते; ठाऊक करून घेण्याचे मी टाळले होते. मी ट्रंकेतून पुस्तिका काढली, सर्वांसमोर ते पान वाचले आणि पिल्ले माझ्यामुळे मेली हे सांगितले. ती शेजारीणही तिथे होती. वहिनी पुस्तिकेकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हते.

“तवय का बरं नही सांगं, भाऊ?” तिने विचारले.

मी पुस्तिका मिटली. तिने मोरीवर जाऊन हात धुतले, पुसले आणि मुलीला घेतले.

त्यानंतर माझ्या मुलीला तिनेच वाढवले म्हटले तरी चालेल. पण पोर चांगली चालती-बोलती होईपर्यंत, तिला उचलण्याआधी वहिनी दर वेळी थांबून विचारी, “लेऊ का?” तिची ती सवय मला मोडता आली नाही.