चिठ्ठीने दिलेली बाजू

आमच्या मंडळात वाद घालायला स्वतःचं मत लागत नसे. हे मी चेष्टेने म्हणत नाही, तशी पद्धतच होती. कलकत्त्यात तेव्हा मराठी घरं मोजकीच. महिन्यातल्या एका रविवारी एका शाळेचा हॉल मागून घ्यायचा आणि आपली भाषा कानांवर पडली म्हणून खूश होऊन घरी जायचं. संक्रांतीच्या सुमाराला वर्षाचा मोठा वादविवाद होई. आठ दिवस आधी कार्यकारिणी दोन चिठ्ठ्या टाके, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. जी हाताला येईल ती आपली बाजू. पटो न पटो, तिच्यासाठी जीव तोडून बोलायचं. एकदा चिठ्ठी उचलली की सभेत हात वर होऊन निकाल लागेपर्यंत आपलं खरं मत बाहेर काढायचं नाही, अगदी घरातसुद्धा नाही. सभेत हे कुणी सांगत बसत नसे. सगळ्यांना ठाऊकच होतं.

माझ्या वडिलांना या नियमाचा भारी अभिमान. ते खिदिरपूरच्या गोदीत जकात खात्यात होते. दिवसभर लोकांच्या पेट्या उघडून बघायच्या आणि संध्याकाळी स्वातंत्र्य, समता, राज्यघटना यांवर बोलायचं, असा त्यांचा संसार. "दुसऱ्याच्या बाजूने बोलता आलं पाहिजे, त्यालाच लोकशाही म्हणतात," असं ते आईला भाजी निवडताना ऐकवत. आई म्हणे, "मग एकदा माझ्या बाजूने बोलून बघा." 

मी तेरा वर्षांची असताना आत्या आमच्याकडे आली. वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न लवकर झालं होतं, नागपुरात. बारा वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको आणली. मुंबई राज्यात असं करायला बंदी होती आणि तिथे घटस्फोटही मिळत होता. पण नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात, तिथे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. आत्या दोन वर्षं त्या घरात स्वयंपाकीण होऊन राहिली आणि एके दिवशी एका ट्रंकेनिशी हावड्याला उतरली. न कळवता. तिच्या हातात वडिलांच्या एका जुन्या पत्राचं पाकीट होतं, मागे पत्ता होता म्हणून जपलेलं.

वडिलांनी तिला एका शब्दाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना एस्प्लनेडला उतरून तिच्यासाठी वह्या आणि एक फाउंटन पेन आणलं. तिने मॅट्रिकला बसावं असं त्यांनी ठरवलं होतं. मग आम्ही दोघी एकाच टेबलाशी अभ्यासाला बसू लागलो. भूमितीत ती माझ्यापुढे गेली, याचा मला राग येई. माझ्या मराठीत बंगाली शब्द घुसत, ते ती न हसता दुरुस्त करी. तिला शिक्षिका व्हायचं होतं. हे ती मोठ्याने बोलत नसे, पण खडू हातात आला की ती नकळत ताठ उभी राहायची.

मधून मधून नागपूरहून पत्र यायचं. परत ये, नाहीतर कोर्टातून हुकूम आणून घेऊन जाईन. पत्र आलं की आत्याचं जेवण कमी होई. वडील तिला धीर द्यायचे. दिल्लीत विवाहाचं बिल चर्चेत होतं, नवऱ्याने दुसरी केली असेल तर पहिलीला सुटता येईल असं कलम त्यात येणार होतं. पेपर आला की ते आधी तीच बातमी शोधत आणि तिला वाचून दाखवत. "थोडं थांब. कायदा झाला की आपण पहिला अर्ज करू." आपण, असं म्हणत. त्या एका शब्दावर आत्या वर्षभर जगली, असं मला आज वाटतं.

आई तिला एकदा सियालदहला घेऊन गेली होती, निर्वासितांना जुनी लुगडी वाटायला. फलाटावर बायांनी चुली मांडल्या होत्या.  रात्री आत्या मला म्हणाली, "त्यांचं सगळं गेलं गं. पण त्यांना परत जा असं कुणी म्हणत नाही." मला तेव्हा ते फार विचित्र वाटलं होतं.

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. आई वडाच्या फांदीची पूजा करून मोकळी झाली. आत्याने पूजा केली नाही, पण दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी विचारलं, "त्यांच्यासाठी?" ती म्हणाली, "सवय आहे गं. त्या दिवशी भूकच लागत नाही."

त्या वर्षी संक्रांतीच्या वादाला विषय आला, हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा की नसावा. कार्यकारिणीत वडिलांनी चिठ्ठी उचलली. प्रतिकूल. ते घरी आले आणि कोट काढता काढता आईला म्हणाले, "नशीब बघ." आई हसली, मीही हसले. आत्या गच्चीवर कपडे काढायला गेली होती. आम्हा कुणाच्याही मनात आलं नाही की हिला ही पद्धत माहीत नाही. आईला वाटलं वडिलांनी सांगितलं असेल, वडिलांना वाटलं आईने. मला काहीच वाटलं नाही.

आठ दिवस वडील पेटले होते. आंघोळ करताना बोलत, ट्रामसाठी थांबले की बोलत. त्यांना एक उदाहरण हवं होतं, काळजाला हात घालणारं. मी भाषणाच्या प्रती करत होते. मी म्हटलं, "आत्या अजून वटपौर्णिमेचा उपास करते." वडिलांनी पेन खाली ठेवलं आणि माझी पाठ थोपटली. सवयीचं जे ती बोलली होती ते मी सांगितलं नाही. त्याने उदाहरण ढिलं पडलं असतं, एवढी अक्कल मला होती.

सभेला हॉल भरला होता. बायका मागच्या रांगांत. आत्याने आईची जांभळी साडी नेसली होती. पहिले एक बँकेतले गृहस्थ कायद्याच्या बाजूने बोलले, कलमं आणि आकडे सांगत. लोकांनी जांभया दिल्या. मग वडील उठले. ते तसे कधीच बोलले नव्हते. शेवटी आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "नवऱ्याने टाकलेली एक बाई मी रोज पाहतो. आजही ती त्याच्यासाठी वटपौर्णिमेला उपाशी राहते. तुमचा कायदा तिला काय देणार? तिची जागा जिथे आहे तिथे तिचं मन आधीच परत गेलेलं आहे. आपण फक्त तिला वाट दाखवायची."

 दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. आणि मग एकेक मान मागे वळू लागली, कारण आमच्याकडे कोण राहतं हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मीही वळून पाहिलं. आत्या सरळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. वडील भरघोस मतांनी जिंकले. 

घरी येताना वडिलांचा पाय जमिनीवर नव्हता. "कसा बोललो?" त्यांनी तिला विचारलं. "छान बोललास दादा," ती म्हणाली. माणसं जिंकली की बहिरी होतात. त्या तीन शब्दांत काय होतं ते वडिलांना ऐकू आलं नाही, आणि मी तर तिळगूळ मोजत होते.

पंधरा दिवसांनी तिने सांगितलं, "मी परत जाते." आई म्हणाली, "वन्सं, असं एकाएकी? कायदा आज ना उद्या होईल." आत्या म्हणाली, "माझं मन तिकडेच आहे." हे वाक्य कुठून आलं ते आमच्यापैकी कुणाला तरी ओळखता यायला हवं होतं. वडील दोन रात्री येरझाऱ्या घालत होते. तिला अडवावं असं आईने सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मी कोण अडवणारा? तिचं आयुष्य आहे, तिचं स्वातंत्र्य आहे." त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. तत्त्वाला जागायचं म्हणून त्यांनी तिचं तिकीट काढून दिलं. वह्या आणि पेन ती टेबलावरच ठेवून गेली.

मे महिन्यात कायदा झाला. वडिलांनी पेपर वाचला, पुन्हा वाचला आणि लांबलचक पत्र लिहिलं, कलमासकट. उत्तरादाखल कार्ड आलं. "दादा, इथेही वाचलं. तू सर्वांसमोर जे सांगितलंस ते मी ऐकलं आणि तुझ्या घरातून निघाले. आता पुन्हा उलटं सांगू नकोस." वडिलांनी कार्ड आईकडे दिलं. आईने वाचून विचारलं, "चिठ्ठ्यांचं तिला कुणी सांगितलं होतं का?" कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर आई जे बोलली ते ती त्यांना कधीच बोलली नव्हती.

दुर्गापूजेच्या सुट्टीत वडील नागपूरला गेले, मला सोबत घेऊन. आत्या मागच्या अंगणात गहू निवडत होती. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. घरात दुसरीचं मूल रडत होतं. वडील तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, नियम, सगळं. सांगताना ते अडखळत होते. मीही उपासाचं बोलले, मीच सांगितलं होतं म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे तुला तसं वाटत नव्हतं?" तिने वडिलांना विचारलं.

"कधीच नाही."

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "न वाटणारं इतकं छान बोलता येतं, हे मला कुठे ठाऊक होतं."

वडील म्हणाले, "आता चल. आजच्या गाडीने चल. वकील मी बघतो. कायदा आहे आता."

"कायदा आहे रे," ती म्हणाली. "पण घर सोडायचा धीर मी एकदाच केला होता, दादा. तो दुसऱ्यांदा होत नाही." आणि आतलं मूल थांबेना तेव्हा ती सूप बाजूला ठेवून त्याला घ्यायला गेली.