दारात महालक्ष्म्या आणि दाराला परकं कुलूप

यंदा महालक्ष्म्या यायच्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याच्या गल्लीत जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमच्या समोरच्या घरात रेखा भाड्यानं राहते. स्वतः शाळेत शिकवते, नवरा संत्रा मंडीत कामाला. भाडं वेळेवर, आवाज कधी चढा नाही... अशी भाडेकरू मिळायला नशीब लागतं बाप्पा!

पण घरमालक नानांना तिथे दुकानाचे गाळे काढायचे आहेत. ते राहतात सौसरला, तिथून फोनवर "खाली करा" म्हणत राहिले. रेखाचं उत्तर ठरलेलं... रीतसर नोटीस द्या. ती काही त्यांनी दिली नाही.

आता गंमत बघा. रेखाच्या सासरच्या महालक्ष्म्या मोहगावला थोरल्या दिरांकडे बसतात, म्हणून दरवर्षी हे दोघं घराला कुलूप लावून तीन दिवस तिकडे. नानांना ते पक्कं माहीत. माहीत नव्हतं ते इतकंच, की यंदा पहिल्यांदाच पाळी रेखाकडे आली होती... आणि सकाळी ते दोघं मोहगावला गेले होते ते मुखवटे आणायला!

नाना दुपारी येऊन जुनं कुलूप कापून, आपलं नवं ठोकून गेले. घर तीन दिवस रिकामं, परत येतील तेव्हा बाहेरच राहतील, असा हिशोब. शेजारच्यांना वाटलं दुरुस्तीचं काम असेल.

चार-साडेचारला रेखा परतली. हातात ताट, ताटात रेशमी खणाखाली झाकलेले मुखवटे... आणि दाराला हे भलंमोठं परकं कुलूप. उंबऱ्यापासून आतपर्यंत तिनं सकाळीच पावलं काढून ठेवली होती. फराळ आत, साड्या आत, सगळा संसार आत.

गल्ली जमा झाली. आमची दगडफेकीची जत्रा, गोटमार, नुकतीच झालेली, पांढुर्ण्याच्या माणसाला दगड शोधावा लागतो का? आमचे हे तर घरातून घणच घेऊन आले. मीपण म्हटलं, फोडा ते मेलं कुलूप!

रेखानं हात आडवा केला. "नको काकू. आपण तोडलं त उद्या चोरीचा आळ माह्यावरच येईल." तिनं ११२ ला फोन लावला, मग नानांना लावून "कुलूप उघडायला या" एवढंच सांगितलं, कुलपाचे फोटो काढले आणि ताट मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. मी म्हटलं, आमच्याकडे बसव बाई आजच्या दिवस. त्यावर ही हसली. म्हणे, "एकदा बसवल्या त मग दरवर्षी तुम्हालेच बसवा लागन!" अशा वेळी हिला हसू सुचतं!

पोलीस आला. पहिलं वाक्य तेच... आपस का मामला है, निपटा लो. रेखानं शांतपणे हिंदीत सांगितलं, की कोर्टाच्या आदेशाशिवाय भाडेकरूला असं बाहेर काढता येत नाही, निपटायचं असेल तर तक्रार लिहून घ्या. तो बिचारा नानांची वाट बघत गाडीला टेकून उभा राहिला.

दिवे लागायच्या थोडं आधी नाना पोचले. तावातावाने आले, आणि मांडीवरचं मुखवट्यांचं ताट दिसलं तशा रस्त्यातच चपला काढल्या. "माय वं! मले का मालूम... मले वाटलं तुम्ही मोहगावले गेले!" हात जोडले, खिशातून किल्ली काढली. "महालक्ष्मी दारातून परत नाही जाऊ देत मी. बसवा तीन दिवस, मग पाहू."

आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मी तर थाळी वाजवायला चमचासुद्धा उचलला होता.

रेखा मात्र जागची हलली नाही.

"नाना, देवीसाठी उघडत असान त नका उघडू. मी भाडेकरू आहो तुमची, म्हणून उघडा. घर पाहिजे त नोटीस द्या, कोर्टात जा, मी तिथं येईन. पण तीन दिवसांची मेहेरबानी मले नाही पाहिजे."

बाप रे! अंधार पडत चाललेला, आवाहनाची वेळ टळत चाललेली, आणि ही बाई बसून! ताट तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. नाना एकदा गल्लीकडे बघत, एकदा मुखवट्यांकडे.

शेवटी तो पोलीसच पुढे झाला. "नानाजी, दोनों चाबी दे दो. और दुबारा ताला मत लगाना, समझे?"

नानांनी दोन्ही किल्ल्या रेखाच्या हातात दिल्या आणि हळूच म्हणाले, "तुमचंच आहे... पाहून घेऊ कोर्टात." रेखानं कुलूप उघडलं आणि ते त्यांचं त्यांना परत केलं. तिचा नवरा नवीन कुलूप आणायला धावला. मग मी थाळी अशी बडवली, की चमचा वाकला!

दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण रेखानं नानांनाही दिलं होतं. आले, आंबील दोनदा मागितली, मान वर न करता जेवले.

रेखा, तू हे वाचशीलच. मी असते ना, तर त्या तीन दिवसांवरच खूश होऊन नानांच्या पाया पडले असते. आता महालक्ष्म्या उठल्या, मुखवटे मोहगावला परत गेले... तू मात्र इथेच आहेस, तुझ्या घरात.