कपाटे परत आणा

सुनंदाताई तामोरे यांची आणि माझी पहिली भेट घोषणांच्या गदारोळात झाली. बोईसर-तारापूरच्या कामगारांसाठी आरोग्य योजना चालवणाऱ्या पालघरच्या कार्यालयावर मी मोर्चा नेला होता. फाटकावर घसा फोडून बोललो. ताई तिथल्या प्रशासन अधिकारी. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या. बाहेर आल्या, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, आवाज पोचला. मागणी नाय पोचली. परत सांगा." परत सांगू लागलो तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी चार मागण्या एकमेकींत गुंतवून ठेवल्या आहेत.

पुढे कामगारांचा प्रतिनिधी म्हणून त्याच कार्यालयाच्या समितीवर गेलो आणि वायफायच्या खरेदीत अडकलो. चार मजली इमारत, माणसांनी भरलेली. तळमजल्याच्या खिडक्यांवर आजारी कामगारांच्या उपचारांना मंजुरी मिळते. नेट गेले की मंजुरी अडते आणि तिकडे रुग्ण खाटेवर वाट बघतो. ही निवड चुकून चालणार नव्हते.

तीन कंपन्यांनी आम्हाला समजावले आणि आम्ही अधिकच गोंधळलो. एक म्हणे नियंत्रण क्लाउडवर हवे, दुसरा म्हणे यंत्र आपल्याच खोलीत हवे. सिग्नल कुठे किती पोचतो हे दाखवणाऱ्या एकाच्या नकाशात हिरवा रंग म्हणजे उत्तम, दुसऱ्याच्या नकाशात हिरवा म्हणजे जेमतेम. मी जन्मभर जाडजाड ग्रंथ वाचले; ही पत्रके उलटी धरली असती तरी तितकीच समजली असती. सगळे माना डोलावत होते. ताई मात्र दर बैठकीत म्हणत, "मला नाय कळलं. परत सांगा."

एक विक्रेता वैतागला. "मॅडम, ये टेक्निकल है, आप छोड़ दीजिए."

"छोड़ देती," ताई म्हणाल्या, "लेकिन दस्तखत तो मेरा लगेगा ना?"

मग एका रविवारी चाचणी झाली. तिन्ही यंत्रणा सुरेख चालल्या. सर्वांत झगमगीत कंपनीच्या बाजूने मी भाषणच ठोकले. कामगारांचे भविष्य, नवे युग, सगळे आले त्यात.

"वक्ते, छान बोललात," ताई म्हणाल्या. "आता सांगा, कपाटं कुठे गेली?"

पाहुणे येणार म्हणून शिपाईमंडळींनी फायलींची लोखंडी कपाटे व्हरांड्यात ढकलली होती, हॉल धुऊन काढला होता, दारात रांगोळीसुद्धा होती. नकाशांसाठी मोजमाप झाले तेव्हाही असेच आवरून ठेवले होते. ज्या हॉलमध्ये आम्ही रोज काम करतो, तो एकाही कंपनीने पाहिलेला नव्हता!

"कपाटं परत आणा. चाचणी सोमवारी, गर्दीत." कार्यालयाचे व्यवस्थापक रागावले. ताई हलल्या नाहीत.

सोमवारी खिडकीशी डोंगरातल्या पाड्यावरून आलेली एक बाई होती. तिचा नवरा बोईसरच्या कारखान्यात पडला होता. शस्त्रक्रिया मंजुरीसाठी थांबलेली. झगमगीत यंत्रणेवर पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहिले. दुसरीवरही तेच, तिसरीवरही तेच.

"नाव हाय ना आमचं? मंग मशीन गप का?" बाई विचारत होती.

ताईंनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवले, चहा दिला. "मला पन नाय कळत, बाय. पन तुझं झाल्याशिवाय मी जेवायला उठत नाय."

तिसऱ्या कंपनीचा माणूस कपाटांकडे बघत पुटपुटला, "माझा नकाशा चुकलाय." त्याने शिडी मागवली, लोखंडी कपाटामागे सिग्नल अडलेला वायफायचा डबा काढून छताच्या मध्यावर बसवला. मंजुरी मिळाली! बाई पदर सावरत दवाखान्याकडे धावली.

"यांचीच घ्या," ताई म्हणाल्या.

"का?" मी विचारले.

"चुकलं म्हणाला ना? बिघडल्यावर असाच माणूस बोलवायला हवा."

ते वायफाय नेमके कसे चालते, हे मला आजही सांगता येत नाही. ताईंनाही नाही. पण न कळता डोलणाऱ्या माना या देशाला सर्वांत महाग पडतात, हे मी आता प्रत्येक सभेत गर्जून सांगतो. ते मी ताईंकडून घेतले आहे.

आज ताईंनी साठी गाठली. हा लेख वाचून त्या काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे: "एवढं कौतुक कशाचं? नाय कळलं. परत सांगा."

सांगेन, ताई. तुमच्या पंच्याहत्तरीला सांगेन, शंभरीलाही सांगेन. ऐकायला तुम्ही अशाच धडधाकट समोर बसलेल्या असा, एवढेच मागणे.